ज्वालामुखीचे प्रकार किती, आणि कोकणकडा म्हणजे ज्वालामुखीचं तोंड का?

प्रश्न थोडक्यात असा होता. मुलगी नववीत आहे, भूगोलात ज्वालामुखी आलाय, पुस्तकात केंद्रीय, भेगी आणि मग जागृत-निद्रिस्त-मृत एवढंच दिलंय, यूट्यूबवर बघितलं तर सहा-सात वेगळीच नावं, मग नक्की प्रकार किती आणि ते तयार कसे होतात? आणि दुसरं, हरिश्चंद्रगडावर ग्रुप लीडरने कोकणकड्यावर उभं राहून सांगितलं की हे ज्वालामुखीचं तोंड होतं, अर्धं कोकणात कोसळलं, ते खरं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते एका शब्दात आहे. नाही. कोकणकडा आत वाकलेला आहे, बशीसारखा दिसतो, म्हणून लोकांना तसं वाटतं, पण तो पावसाने आणि झिजेने खाल्लेला कडा आहे. राजगड, तोरणा, कळसूबाई, सह्याद्रीतलं तुम्हाला माहीत असलेलं एकही शिखर ज्वालामुखीचं तोंड नाही. आणि तरी सगळा डोंगर खालपासून वरपर्यंत लाव्हाचाच आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे कळलं की प्रकारांचा गोंधळ आपोआप सुटतो, म्हणून जरा लांबण लावतो. मी पंचवीस-एक वर्षं याच दगडात काम करतोय, आधी विहिरी-बोअरचे सर्व्हे, मग बोगदे आणि धरणांचे पाये, हल्ली पोरांना घेऊन घाटात फिरतो.

जागृत-निद्रिस्त-मृत हे मुळात प्रकारच नाहीत. माणूस काय काम करतो विचारलं आणि उत्तर मिळालं 'झोपलाय', तसं आहे ते. आणि निद्रिस्त-मृत यातली रेघ पण फार विश्वासाची नाही. फिलिपिन्सचा पिनाटुबो साधारण पाचशे वर्षं गप्प होता, जंगल वाढलेलं अंगावर, गावं वसलेली, आणि १५ जून १९९१ ला विसाव्या शतकातला दुसऱ्या नंबरचा मोठा उद्रेक त्याने करून दाखवला.

आता तयार कसे होतात. पहिली गैरसमजूत अशी की पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाव्हाचा समुद्र आहे आणि कुठे भोक पडलं की तो बाहेर येतो. असं काही नाही. आपल्या पायाखाली जवळपास २,९०० किलोमीटरपर्यंत जे आहे ते घट्ट दगडच आहे, गरम आहे, अतिशय हळू सरकतो, पण दगड. तो वितळायला काहीतरी कारण घडावं लागतं, आणि अशी कारणं मोजून तीन आहेत.

पहिलं, प्रेशर कमी होणं. कुकरमधलं पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळून सगळं वाफ होत नाही कारण वरून दाब आहे, दाब एकदम काढला की भसकन वाफ. खोलवरचा दगड तसाच, वितळण्याइतका गरम असूनसुद्धा दाबामुळे घट्ट राहिलेला. तो कुठे वर सरकायला लागला, म्हणजे समुद्राच्या तळाशी दोन प्लेट (पृथ्वीच्या वरच्या थराचे प्रचंड सरकते तुकडे) एकमेकींपासून लांब जातात तिथे, किंवा हवाईसारख्या ठिकाणी जिथे खालून गरम दगडाचा खांबच वर येतोय त्याला हॉटस्पॉट म्हणतात तिथे, तर वेगळी उष्णता न देता तो वितळायला लागतो.

दुसरं, पाणी मिसळणं. लहानपणी पॉटचं आईस्क्रीम केलंय का? बर्फात खडे मीठ टाकतो, बर्फ शून्याच्या खालीच वितळायला लागतो, कारण मिठाने त्याचा वितळण्याचा पॉइंट खाली आणला. तसंच एक समुद्री प्लेट दुसऱ्या प्लेटखाली घुसते तेव्हा खनिजांमध्ये अडकलेलं पाणी घेऊन जाते, ते खोल गेल्यावर बाहेर पडतं आणि वरच्या गरम दगडाला मिठाचं काम करतं. जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, चिली, सगळं याच भानगडीतून.

तिसरं म्हणजे आधीच वितळलेला गरम रस वर येऊन जमिनीच्या कवचात थांबतो आणि तिथल्या दगडाला वितळवतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वितळलेला रस जमिनीखाली आहे तोवर मॅग्मा, पुस्तकात शिलारस म्हणतात, बाहेर आला की लाव्हा. आणि ज्वालामुखी हा आपला शब्द थोडा फसवाच आहे, कारण ज्वाळा बाहेर पडत नाहीत फारशा, लालभडक दिसतं तो तापलेला दगड. हिमाचलमधल्या कांगड्याच्या ज्वालामुखी देवीच्या देवळात खरोखर ज्वाळा आहेत, पण त्या जमिनीतून येणाऱ्या गॅसच्या, तिथे लाव्हाचा संबंध नाही.

आता मुख्य मुद्दा. ज्वालामुखीचा आकार आणि स्वभाव ठरतो तो रस किती चिकट आहे, त्यात गॅस किती अडकलाय आणि बाहेर यायला वाट कशी मिळाली यावर. मी पोरांना नेहमी कट आणि पिठल्याचं सांगतो. पुरणपोळीच्या कटाला उकळी आली की बुडबुडे येतात, फुटतात, काही होत नाही, फार तर उतू जाईल. पिठलं दाट झालं की बुडबुडा सहज सुटत नाही, आत फुगत राहतो आणि मग फदकन उडून हातावर येतो, ज्याला चटका बसलाय त्याला माहितीये. दगडाच्या रसात दाटपणा आणतं ते सिलिका. साधारण पन्नास टक्के सिलिका असेल तर बेसाल्ट, ११००-१२०० डिग्रीला बाहेर येतो, पातळ, गॅस सुटून जातो. साठच्या आसपास असेल तर अँडेसाइट. सत्तरच्या वर गेलं की रायोलाइट, तो तुलनेने थंड, ७००-८०० डिग्रीचा, आणि बेसाल्टपेक्षा लाखो पटींनी चिकट. गॅस मुख्यतः पाण्याची वाफ, मग कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड.

आता प्रकार बघू. आधी एका तोंडाभोवतीचे, म्हणजे पुस्तकातले केंद्रीय, आणि शेवटी भेगी.

पातळ बेसाल्ट एकाच ठिकाणाहून हजारो वेळा बाहेर आला तर तो लांबपर्यंत पसरत जातो आणि जमिनीवर ढाल पालथी घातल्यासारखा डोंगर होतो, म्हणून शील्ड किंवा ढाल ज्वालामुखी. हवाईचा मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर, पण समुद्राच्या तळापासून मोजलात तर ९ किलोमीटरच्या आसपास, आणि उतार मात्र इतका कमी की फोटोत डोंगर आहे हे पटतच नाही. तो २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ३८ वर्षांनी उठला. शेजारचा किलाउआ २०१८ मध्ये लोकांच्या अंगणातच फुटला, सातशेच्या वर घरं गेली, पण माणसं चालत बाजूला होऊ शकली. ढाल ज्वालामुखी घर खातो, शक्यतो माणूस खात नाही. शक्यतो म्हणतोय कारण २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये इथियोपियातला हेली गुब्बी फुटला, ज्याची राख थेट गुजरात-राजस्थान-दिल्लीवरून गेली आणि विमानं रद्द झाली, तो पण ढालीतच मोजतात. एकदम स्फोट होऊन राख आकाशात. तेव्हा प्रकार म्हणजे जन्मपत्रिका नाही.

दुसरा तो चित्रातला ज्वालामुखी, लहान मुलं काढतात तो. फुजी, मेयॉन, व्हेसुव्हियस. याला स्ट्रॅटो किंवा मिश्र ज्वालामुखी म्हणतात, कारण एक थर लाव्हाचा, एक थर राखेचा, परत लाव्हा, असं करत उंच सुबक शंकू होतो. रस अँडेसाइटसारखा दाट असल्याने लांब जात नाही, तोंडापाशीच साचतो, म्हणून वरचा उतार तीस अंशांच्या पुढे. फुजी ३,७७६ मीटर, शेवटचा फुटला १७०७ मध्ये. हे दिसायला सगळ्यात देखणे आणि माणसं मारण्यात सगळ्यात पुढे, आणि लाव्हाने नाही बरं का. मारतो तो गरम राख, गॅस आणि दगडांचा ढग जो उतारावरून गाडीच्या वेगापेक्षा जोरात खाली येतो, पायरोक्लास्टिक फ्लो म्हणतात. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर माँ पेलेच्या असल्या ढगाने सेंट पियेर हे अख्खं शहर काही मिनिटांत संपवलं, २८ हजारांच्या आसपास माणसं. दुसरा मारेकरी म्हणजे चिखल. १९८५ मध्ये कोलंबियात नेवाडो देल रुईझचा उद्रेक तसा छोटाच होता, पण माथ्यावरचा बर्फ वितळून राखेचा चिखल नदीतून रात्री आर्मेरो गावावर आला आणि २३ हजार लोक गेले, डोंगरापासून कितीतरी किलोमीटर लांब. मला विचाराल तर ज्वालामुखीच्या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा नकाशा हा नदीनाल्यांचा नकाशा असतो.

१९८० चा सेंट हेलेन्स पण याच जातीचा. अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात. दाट रस आत घुसून डोंगराची उत्तरेकडची बाजू रोज दीड-दोन मीटर फुगत होती, मोजत होते लोक, सगळ्यांचं लक्ष तोंडाकडे, आणि १८ मे ला सकाळी ८.३२ ला भूकंप झाला, ती फुगलेली बाजूच घसरली आणि बाटलीचं बूच उडावं तसा स्फोट आडवा झाला. ५७ माणसं गेली आणि डोंगर ४०० मीटर बुटका झाला.

सिंडर कोन हा प्रकार छोटा आहे, पटकन सांगून टाकतो. गॅसने उडवलेले लाव्हाचे थेंब हवेतच गोठून सच्छिद्र खडी होते आणि तोंडाभोवती तिचा ढीग साचतो, बांधकामाच्या साइटवर डंपर खडी ओततो तसा. याचं उदाहरण मात्र भारी आहे. मेक्सिकोत २० फेब्रुवारी १९४३ ला दिओनिसिओ पुलिदो नावाचा शेतकरी मक्याच्या शेतात काम करत होता, जमिनीला भेग पडली, धूर आला, आणि वर्षभरात तिथे ३०० मीटरच्या वर डोंगर. पारिकुतिन. १९५२ ला थांबला तेव्हा उंची ४२४ मीटर. जन्मापासून शेवटापर्यंत शास्त्रज्ञांनी डोळ्यांसमोर बघितलेला ज्वालामुखी. लाव्हाने कोणी मेलं नाही, तिघं गेले ते राखेच्या ढगातल्या विजेने. शेजारच्या गावाचं चर्च अजून लाव्हातून डोकं वर काढून उभं आहे.

आणि रस इतका दाट असेल की तोंडातून टूथपेस्टसारखा बाहेर येऊन तिथेच गोळा होऊन बसेल तर लाव्हा डोम. दिसायला निरुपद्रवी पण तो ढासळला की वर सांगितला तो ढग सुटतो. जपानच्या उन्झेनवर ३ जून १९९१ ला असाच डोम ढासळला, ४३ जण गेले, त्यात आयुष्यभर ज्वालामुखींचं शूटिंग करणारे मोरिस आणि कातिया क्राफ्ट हे नवरा-बायको होते.

आता मोठे. कवचात रायोलाइटसारखा चिकट रस प्रचंड प्रमाणात साठला (तिसरं कारण आठवा) आणि एका झटक्यात बाहेर पडला, तर खालची पोकळी वरच्या जमिनीला पेलत नाही आणि जमीन आत बसते. मग डोंगर न उरता खड्डा उरतो, कॅल्डेरा. सुमात्राचं टोबा सरोवर १०० किलोमीटर लांब आणि ३० रुंद आहे, ते पूर्ण असं बसलेलं तोंड आहे. सगळ्यात मोठा उद्रेक ७४ हजार वर्षांपूर्वी.

आणि इथे महाराष्ट्राचा संबंध येतो, जो फार कमी लोकांना माहितीये. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडी नदीच्या काठावर मातीच्या थरात एक पांढरट पट्टा दिसतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला चुन्याची माती वाटली होती. चिमूटभर हातात घेऊन चोळली तर पावडरसारखी मऊ, पण जिभेवर ठेवली (आम्हा लोकांना ही घाण सवय असते) तर दाताखाली कचकच करते. भिंगाखाली बघितली की काचेचे वाकडे तुकडे, पारदर्शक, फुटलेल्या बुडबुड्याच्या कवचाचे. ती राख आहे, तीन हजार किलोमीटरच्या पलीकडून उडून आलेली, टोबाची. ७४ हजार वर्षांपूर्वीची का टोबाच्याच त्याआधीच्या, साधारण आठ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत अजून जुंपलेली आहे, आणि वाद महत्त्वाचा आहे कारण त्याच थरांजवळ दगडी हत्यारं मिळाली आहेत, म्हणजे राखेचं वय ठरलं तर इथल्या आदिमानवाचं ठरतं. कऱ्हा नदीवर मोरगावला पण तशी राख आहे.

आता राहिला भेगी उद्रेक, आणि आपल्या घरचा, म्हणजे दख्खनच्या पठाराचा, तोच.

यात डोंगर नसतोच. जमिनीला किलोमीटरच्या किलोमीटर लांब भेग पडते आणि पातळ बेसाल्ट त्या भेगेतून पडद्यासारखा वर येऊन दोन्हीकडे वाहत सुटतो. माणसाने बघितलेला मोठा नमुना म्हणजे आइसलँडमधला लाकी, १७८३. साधारण २७ किलोमीटर लांबीची ओळ, आठ महिने चालला, १४-१५ घन किलोमीटर लाव्हा. लाव्हाखाली कोणी फारसं सापडलं नाही पण फ्लोरिन आणि सल्फरने गवत विषारी झालं, जनावरं मेली, आणि मागून दुष्काळाने आइसलँडची पाचातली एक माणसं गेली. तिथेच रेक्यानेसला २०२१ पासून भेगा उघडतायत, २०२३ मध्ये ग्रिंदाविक गाव रिकामं करावं लागलं, त्याचे व्हिडिओ जरूर दाखवा मुलीला, दख्खनची लहानशी झलक म्हणून.

लहानशी म्हणजे किती लहान, तर लाकीचा लाव्हा साधारण ६०० चौरस किलोमीटरवर पसरला, आणि दख्खनचा आज झिजून उरलेला पसाराच ५ लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, गुजरात-मध्य प्रदेशाचा मोठा तुकडा, तेलंगण-कर्नाटकाचा थोडा. जाडी विदर्भाकडे शे-दोनशे मीटर किंवा त्याहून कमी, पश्चिम घाटात महाबळेश्वरच्या बाजूला जवळपास दोन किलोमीटर. वय ६.६ कोटी वर्षांच्या आसपास, आणि त्यातला बराचसा भाग दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. लाव्हा इतका लांब वाहिला की आंध्रात राजमहेंद्रीला समुद्राजवळ जो बेसाल्ट सापडतो तो इथूनच गेलाय, अंतर हजार किलोमीटरच्या पुढे. एवढ्या लांब जाईपर्यंत थंड कसा झाला नाही? दुधावर साय येते तशी लाव्हावर गोठलेली साय येते आणि आतला रस तिच्याखाली गरम राहून पुढे सरकतो, मागून येणारा रस ती साय वर उचलतो, म्हणून थर फुगत जाऊन जाड होतो.

सगळा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर, मग थांबा, कधी इतका मोठा थांबा की वरती माती तयार झाली, तळी झाली, त्यात बेडूक नांदले (मुंबईत वरळीला त्या बेडकांचे जीवाश्म मिळालेत), आणि मग परत लाव्हा. घाटातून जाताना काळ्या दगडांच्या मधे विटेसारखा लाल पट्टा दिसतो ना, तो बराचदा या विश्रांतीचा पुरावा असतो, झिजलेला पृष्ठभाग जो वरच्या लाव्हाने भाजून निघाला. इंग्रजीत त्याला रेड बोल म्हणतात, आमच्याकडे विहीर खोदणारे सरळ गेरू म्हणतात.

आणि विहीर खोदणाऱ्यांचं सांगतोच. नोकरीच्या पहिल्या वर्षी पारनेरच्या बाजूला एका विहिरीवर मी कागद-पेन घेऊन उभा, खाली एक म्हातारे मिस्त्री. मी वरून विचारतो काय लागलं, ते सांगतात, 'मुरूम गेला, आता काळा पाषाण, हा दोन पुरुष जाईल, मग मांजऱ्या लागंल, पाणी तिथंच.' कॉलेजात पाच वर्षांत जे शिकलो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. एका लाव्हाच्या थराची रचना अशीच असते. थराच्या तळाशी गॅसमुळे पडलेल्या पेन्सिलीसारख्या उभ्या नळ्या, मधे घट्ट काळा पाषाण, आणि माथ्याला बुडबुड्यांची जाळी, कारण गॅस वर जाता जाता साय गोठली आणि तो अडकला. त्या भोकांमध्ये नंतर पांढरी खनिजं भरली की तो मांजऱ्या. पुण्याच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या खाणीत हात लावून हे बघता येतं. आणि ती खनिजं साधीसुधी नाहीत, झिओलाइट, अपोफिलाइट, स्टिल्बाइट, पुणे-नाशिक-जळगावचे नमुने जगातल्या म्युझियममध्ये आहेत, वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट तर बघतच राहावं असं. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये घेऊन जा मुलीला.

हाच गेरूचा पट्टा बोगद्यात डोकेदुखी असतो. कोरडा असताना कडक, पाणी लागलं की विरघळल्यासारखा सुटतो. एका कामावर रिपोर्टमध्ये मी लिहिलं होतं की इथे आधार लगेच द्या, ठेकेदाराला शिफ्ट वाचवायची होती, चार दिवसांत छतातून तीन-चार ट्रक माल खाली. सुदैवाने जेवणाची सुट्टी होती.

आता परत कोकणकड्याकडे. थर सगळे जवळपास आडवे, एकावर एक, ताटं रचल्यासारखे. घट्ट थर उभा तुटतो, मऊ थर उताराने झिजतो, म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात, कातळकडा, मग माची, परत कडा. या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातलं ट्रॅप हे नावच पायरीच्या स्वीडिश शब्दावरून आलंय. किल्ले बांधणाऱ्यांना तट फुकट मिळाले ते यामुळे, आणि वेरूळचं कैलास वरून खाली कोरता आलं तेही असा सलग घट्ट थर होता म्हणून. लाव्हा वाहिला तेव्हा शिखरं नव्हतीच, सपाट पठार होतं. नंतर पश्चिमेकडची जमीन तुटून सेशेल्सकडे सरकली, कडा झाला, नद्यांनी तो पूर्वेला मागे मागे खात नेला, आणि मधे जे उरलं त्याला आपण शिखर म्हणतो. म्हणजे गडाच्या टोकावर तुम्ही उभे असता ती जागा लाव्हा बाहेर येण्याची नसते, झिजायची राहून गेलेली असते.

मग लाव्हा आला कुठून? भेगा दिसतात. भेगेत शेवटी अडकून गोठलेला रस म्हणजे डाइक, आजूबाजूचा दगड झिजला की तो भिंतीसारखा उभा राहतो. धुळे-नंदुरबारकडे शेतातून किलोमीटर-किलोमीटर चाललेल्या अशा भिंती आहेत, परगावचा माणूस विचारतो कुणी बांधली म्हणून. नाशिक-पुण्याच्या पट्ट्यात आणि कोकण किनाऱ्याला पण आहेत. मुंबईत तर मजाच आहे, बेसाल्टच्या राज्यात मढ-मनोरी-उत्तनकडे रायोलाइटसारखे दाट रसाचे दगड, पाण्यात ओतलेला उशीसारखा लाव्हा, आणि अंधेरीचा गिल्बर्ट हिल, साठेक मीटर उंच, थंड होताना आकसून तडकलेले सरळसोट खांब, सोसायट्यांच्या मधे अडकलेला, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. लोक खालून रिक्षाने जातात आणि वर बघत नाहीत.

दोन-तीन गोष्टी ज्या या विषयात नेहमी घुसतात त्या निपटून टाकतो. लोणार हा ज्वालामुखी नाही. बरीच वर्षं तसं मानत होते, आजूबाजूला बेसाल्टच असल्यामुळे, पण १९७० च्या दशकात तिथल्या दगडात प्रचंड धक्क्यानेच होणारे बदल सापडले आणि उल्केचं ठरलं, १.८ किलोमीटर व्यासाचं. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे इथली गरम पाण्याची कुंडं पण ज्वालामुखीची नाहीत, पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. आणि सगळे डायनासोर आपल्या लाव्हाने मेले हे फॉरवर्ड अर्धवट आहे, त्याच सुमाराला मेक्सिकोत चिक्शुलूबला उल्का पण आदळली होती, कोणाचा वाटा किती यावर भांडण चालू आहे.

भारतात जिवंत ज्वालामुखी बघायचा तर एकच, अंदमानचं बॅरन आयलंड, पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) १३५-१४० किलोमीटर. मी बोटीवरूनच बघितलंय, उतरू देत नाहीत. तुम्ही वाचलेले प्रकार एका जागी बघायचे असतील तर तेच बेट, कारण मुळात मिश्र ज्वालामुखी, त्याचा माथा बसून झालेला साधारण दोन किलोमीटरचा कॅल्डेरा, आणि त्या खड्ड्याच्या मधोमध काळ्या खडीचा सिंडर कोन, पश्चिमेची भिंत फुटलेली आणि तिथून लाव्हा समुद्रात उतरलेला. तरी रस बहुतेक बेसाल्टचा. आता यूट्यूबवाल्याने याला कुठल्या खान्यात टाकावं?

पुन्हा होईल का असंही कोणीतरी विचारणारच. दख्खन ज्या हॉटस्पॉटवर झालं तो जागेवरच आहे, आपण प्लेटवर बसून उत्तरेला निघून आलो. त्याचा माग काढता येतो, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस, आणि आज तो रियुनियन बेटाखाली आहे, तिथला पितों द ला फूर्नेज आजही वरचेवर फुटत असतो. ढाल ज्वालामुखी, पातळ बेसाल्ट, आपलाच रस म्हणा.

परीक्षेत मात्र तिला केंद्रीय आणि भेगी असंच लिहायला सांगा, भेगीचं उदाहरण दख्खनचं पठार, मार्क त्यालाच आहेत. आणि वरंधा घाटात लाल पट्टा बघायला थांबलात तर गाडी वळणावर लावू नका.